म्हशाच्या जत्रेतला घोगरा

गोड आवाजाचा मला राग आहे. लहानपणापासून आहे, आणि वय वाढलं म्हणून तो कमी झालेला नाही. कुणी म्हणालं, "काय गोड गळा आहे हो हिचा," की माझ्या कपाळाला आठी पडते. गोडपणा चहात ठीक आहे. गाण्यात मला माणूस ऐकू आला पाहिजे, आणि माणूस काही दिवसभर गोड नसतो.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच नावाजलेल्या लोकांविषयी वाकडं बोलणार आहे. ज्यांच्यासाठी जगभरची माणसं मैदानं भरून रडली, त्यातल्या निम्म्यांना आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या मंडपात कुणी दुसरं गाणं म्हणू दिलं नसतं. उरलेल्या निम्म्यांवरही माझा फारसा जीव नाही. एकच आवाज असा होता की त्याने मला उभं केलं. या सगळ्यांची नावं मला फार नंतर कळली, आणि ती मी इथे घेणार नाही. मला ते जसे भेटले तसेच सांगणार. मला ते बिननावाचे भेटले, म्हशाच्या जत्रेत.

आमचं घर शहापूर तालुक्यात, तानसा धरणाच्या बाजूला. बाबा एसटीत कंडक्टर, बहुतेक वेळा शहापूर-मुरबाड गाडीवर. आईचं माहेर मुरबाडच्या पुढे, म्हशापासून चालत जाण्याइतकं जवळ. त्यामुळे थंडीत जत्रेला मामाकडे जायचं हे ठरलेलंच. आमच्या दोन्ही घरांनी धम्म घेतलेला, तेव्हा देवळाच्या रांगेत आम्ही नसायचो, पण जत्रा कुणी सोडत नव्हतं. मामा बैल बघायला यायचा, आई घोंगड्या बघायला, आणि मी कॅसेटवाल्याकडे.

त्याचं दुकान बैलांच्या घुंगरमाळा विकणाऱ्याला लागून होतं. एका कानात घुंगरं, दुसऱ्या कानात त्याचा कर्णा. कॅसेटी तो स्वतः भरायचा आणि कव्हरंही स्वतःच बनवायचा. जुन्या मासिकांतले फोटो कापायचे, त्यांची झेरॉक्स काढायची आणि डबीत सरकवायची. नाव वगैरे लिहायच्या भानगडीत तो पडत नव्हता. इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी एका टोपलीत खाली मातीवर पडलेल्या असायच्या. त्या कुणी घेत नसे, आणि तरी दरवर्षी तो त्या नेमाने घेऊन यायचा.

मी तेव्हा आठवीत होते. टोपलीतल्या एका डबीवर दाढीवाला माणूस होता. तो असा बघत होता की जणू त्याला आत्ताच कुणी तरी वर्गाबाहेर काढलंय. मला तो लगेच पटला, कारण मलाही नुकतंच बाहेर काढलं होतं.

अगदी बाहेर नाही. शाळेच्या समूहगीतात मी होते, पण बाईंनी मला मागच्या ओळीत उभं केलं आणि सांगितलं, "तू नुसते ओठ हलव. तुझा आवाज सगळ्यांच्या वर येतो." माझा आवाज जाड. बोलताना खाली पडलेला, आणि वर चढवला की मधोमध फाटणारा. विहारात वंदना म्हणताना शेजारच्या बाया मला कोपर मारायच्या. दाराआडून मी बोलले की येणारा माणूस आईला विचारायचा, "पोरगा घरात हाय वाटतं?" आईला मुलगा नव्हताच.

त्या वर्षी मामाला बैल पसंत पडला नाही. रिकाम्या हाताने घरी कसं जायचं म्हणून त्याने मला दाढीवाला घेऊन दिला.

घरातला टेपरेकॉर्डर बाबांचा. बाबा आमच्या भागातल्या एका गायन पार्टीचे मुख्य गायक होते. पेटी तेच वाजवायचे, ढोलकीवर माझे काका, मागे कोरसला बाबांचे दोन दोस्त. जयंतीच्या दिवसांत शहापूर आणि मुरबाडच्या वस्त्यांवर त्यांचे कार्यक्रम असायचे, कधी समोर दुसरी पार्टी आणून सवाल-जवाबही व्हायचे. टेपरेकॉर्डर होता तो तालमीची गाणी भरून ठेवायला, आणि बाबा घरात असताना त्याला हात लावायची सोय नव्हती. पण बाबांना मुक्कामाची गाडी लागायची. म्हणजे संध्याकाळची शेवटची गाडी घेऊन एखाद्या आडगावी जायचं आणि सकाळी तिथूनच पहिली गाडी घेऊन निघायचं. त्या संध्याकाळी टेपरेकॉर्डर माझा.

दाढीवाल्याच्या आवाजाचं वर्णन मी आजवर अनेकांना करून पाहिलंय, आणि प्रत्येक जण हसलाय. भरलेली गाडी घाटात पहिल्या गिअरवर चढते तेव्हा इंजिन जे करतं, ते तो गळ्याने करत होता. सुरुवातीला जवळजवळ बोलायचाच. मग एका ठिकाणी त्याला काही तरी सहन व्हायचं नाही, तो ओरडायचा, आणि ओरडताना आवाज फाटायचा. माझा फाटतो तसाच, त्याच जागी. फरक एवढाच की माझा फाटला की बाई डोळे वटारायच्या, आणि त्याचा फाटला की समोरचा सगळा जमाव खूश होऊन किंचाळायचा. ते गाणं कुठल्या तरी मोठ्या कार्यक्रमात भरलेलं होतं, लोकांचा आवाज स्पष्ट येत होता. मी टेप बंद केला, बाहेर जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन तेच गाणं लावलं. शब्द एक कळत नव्हता. मी त्याचं नाव घोगरा ठेवलं.

पुढच्या वर्षी जत्रेतून मी ज्याला आणलं त्याचं नाव चकचकीत ठेवलं. त्याचं जॅकेट आरसे शिवल्यासारखं होतं, आणि गळाही तसाच. पातळ, लख्ख, घासून पुसून ठेवलेला. सुरात कुठे म्हणून कुठे चूक नाही. सगळं जग त्याच्या पायावर लोळतंय हे मला पुढे कळलं, आणि कळूनही माझं मत बदललं नाही. तीन गाणी ऐकली तेव्हाच मी ओळखलं की या माणसाला आपण किती छान गातो तेच ऐकायचंय, त्यात मी उगाच मध्ये कडमडले आहे. आईला मात्र तो आवडला. भाकऱ्या थापताना ती म्हणायची, "तो धुतलेला लाव गो."

कॉलेजला मी मुरबाडला गेले, मामाकडे राहून. तिथे मुलींमध्ये पाच पोरांचं राज्य होतं. पाच गोरी, गुळगुळीत पोरं, सगळ्यांचे कपडे पांढरे, आणि सगळ्यांना एकाच मुलीने एकाच वेळी सोडलेलं. एक जण विनवणी करायचा, मग दुसरा पुढे होऊन तीच विनवणी करायचा, मग पाचही जण मिळून. मी मुलींना म्हटलं, एका माणसाचं दुःख पाच जणांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला येणार किती? म्हणून तर त्यांना नाचायला दम उरतो. माझ्याशी दोन मुली त्यावरून बोलेनाशा झाल्या. एकीने वहीच्या कव्हरला त्या पाचांचं चित्र चिकटवलं होतं, ती म्हणाली, "तुला काय कळतंय गं त्यातलं?" मी म्हटलं, शब्द तुलाही कळत नाहीत आणि मलाही, पण रडताना केस विस्कटतात एवढं मला कळतं.

टीव्हीवर ती पोरं माइक हातात धरून तोंड हलवायची आणि गाणं पाठीमागून वाजायचं. असे पुष्कळ होते. गाताना धाप नाही, घाम नाही, माइक हनुवटीपाशी गेला तरी आवाज तसाच. त्यांच्यावर माझा विशेष राग होता, आणि तो मी कुणाशी बोलून दाखवायचे नाही. नुसते ओठ हलवणं म्हणजे काय असतं हे मला माहीत होतं. मला ते करायला लावलं होतं. हे आपणहून करत होते आणि वर त्याबद्दल हार घालून घेत होते.

आपल्याकडचे हिंदी पॉपवाले तर विचारूच नका. त्या वर्षांत दर महिन्याला एक नवीन निघायचा. गळ्यात गिटार, पण हात तारांना लागायचा नाही. कुणी वाळवंटात उभा, कुणी बर्फात, आणि सगळ्यांना कुठल्यातरी गावाची आठवण येत असायची. गावात राहणाऱ्या मला त्यातलं एकही गाव ओळखू आलं नाही. विहिरीवर भांडण नाही, दुपारच्या जीपला लटकलेली माणसं नाहीत, नुसती उडणारी ओढणी.

कवटीवाल्यांबद्दल माझं मत चांगलं आहे, आणि ते ऐकून लोक दचकतात. कव्हरवर कवट्या, साखळ्या, काळे कपडे, आणि आत असला गोंगाट की मामीने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती टेप बिघडला म्हणून बंद करायला धावली. पण त्यांचा ड्रम मी काकांना ऐकवला होता. काका सगळं गाणं होईपर्यंत एका जागी बसून राहिले, मांडीवर बोटं हलत होती. शेवटी बोलले, "हा मानूस दमत नाय? याला जेवायला काय घालतात?" त्यानंतर मुलुखात कुणी कवटीवाल्यांना नावं ठेवली की मी काकांचा दाखला द्यायचे. माझी तक्रार त्यांच्या गाणाऱ्याबद्दल आहे. पहिल्या ओळीपासूनच ओरडायला लागलं तर खरं दुखेल तेव्हा करणार काय?

या गाण्यांवरून बाबांचं आणि माझं वाजायचं. बाबांना इंग्रजी गाणंच मान्य नव्हतं. एकदा मुक्कामाची गाडी रद्द झाली आणि ते अचानक घरी आले. घोगरा ऐन भरात होता. बाबा दारातच थांबले.

"ओरडतोय कशाला? मारतंय का कोन त्याला?"

"तुमी पन वरच्या पट्टीत ओरडता की," मी म्हटलं.

"आमचं ओरडनं कशासाठी हाय ते समोरच्याला कळतं. याचं तुला काय कळलं, सांग."

"शब्द नाय कळले. पन खोटं बोलत नाय एवढं कळलं."

बाबांनी तिकिटांची पेटी खुंटीला अडकवली आणि टेप बंद केला. त्यांचं म्हणणं असं की गाणं म्हणजे आधी शब्द. आपल्या माणसांना शाळेचं तोंड बघू दिलं नव्हतं तेव्हा गाण्यांनी त्यांना शिकवलं, म्हणून शब्द स्वच्छ पोचला पाहिजे, आणि तो पोचायला गळा स्वच्छ पाहिजे. बाबांचा होताच तसा. खणखणीत, मंडपाच्या शेवटच्या माणसाच्या कानात जाणारा. त्यांच्या म्हणण्यात खोट काढायला मला जागा नव्हती. मला फक्त एवढंच वाटायचं की स्वच्छ गळ्याने सगळं सांगता येत नाही. हे मला तेव्हा नीट मांडता आलं नाही, म्हणून मी जेवले नाही.

मग मामाकडे केबल आली. एका रविवारी दुपारी मामी परातीत तांदूळ निवडत होती आणि मी गाण्याच्या चॅनलवर जुने कार्यक्रम बघत होते. रंग उडालेलं चित्रीकरण, मोकळ्या मैदानातला मंच. एक बाई माइकला धरून उभी, केस तोंडावर, डोळे मिटलेले, एक पाय आपटत होती. गाणं सुरू झालं आणि मी टीव्हीजवळ सरकले. ते घोगऱ्याचं गाणं होतं. मी पडद्यावर दाढीवाला शोधायला लागले. मागे गिटारवाले होते, ड्रमवाला होता, दाढीवाला कुठेच नव्हता. मग ती जागा आली, आवाज फाटायची, आणि फाटला तो त्या बाईच्या तोंडातून.

मामीने मान वर केली. "ही बाई आजारी हाय काय गो?"

"नाय मामी," मी म्हटलं, "ही घोगरा हाय."

मला आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल. मला राग आला. चार वर्षं मी मनाची समजूत घालत होते की हा आवाज पुरुषाचा आहे, पुरुषाला शोभतो, आणि माझ्या गळ्यात तो चुकून येऊन पडलाय. चार वर्षं एका दाढीने मला फसवलं होतं.

पुढच्या जत्रेत मी तडक कॅसेटवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, बाई गाते त्या कॅसेटवर दाढीवाला का लावला? त्याला आधी आठवेना. टोपली उपसून त्याने तसलीच आणखी एक डबी काढली, कर्ण्यावर चालू असलेलं गाणं मध्येच थांबवून ती कॅसेट घातली, थोडी ऐकली, आणि अगदी मनापासून बोलला, "ताई, आवाज ऐकून मला बाप्याच वाटला. म्हनून मी चांगला दाढीवाला बघून लावला."

म्हणजे त्याने फोटो आंधळेपणाने लावला नव्हता. माणूस कान देऊन ऐकत होता, विचार करत होता, आणि विचार करूनच त्याने तिला दाढी लावली होती. असा आवाज बाईचा असूच शकत नाही, हे त्याला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकंच आमच्या शाळेतल्या बाईंना होतं, आणि खरं तर मलाही होतं. त्या दिवशी जत्रेतून परत येताना जीपच्या टपावर बसलेल्या पोरांच्या गलक्यात मी मोठ्याने गायले. पहिल्यांदाच. कुणाला ऐकूही आलं नसेल.

यानंतरची काही वर्षं भरभर सांगते. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. शहापूरच्या बाजारात एका सीडीत शेकडो गाणी मिळायला लागली. रिमिक्सवाल्या आल्या, जुन्या गाण्यांचा जीव घेऊन त्यांच्या मढ्यावर नाचणाऱ्या. वराती डीजेवर निघू लागल्या आणि बँजोवाले घरी बसले. मी शिकून शहापूरलाच नोकरीला लागले. आणि बाबांच्या घशात गाठ आली.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला, पण बाबांचा वरचा सूर गेला तो गेलाच. बोलायचे नीट, गायला लागले की मधूनच नुसती हवा यायची. डॉक्टरांनी मोठ्याने गायचं नाही म्हणून बजावलं. बाबा पेटीवर राहिले आणि पार्टीला गायिका आणली, वासिंदकडची एक मुलगी. मुलगी वाईट नव्हती. चकचकीतची धाकटी बहीण म्हणून सहज खपली असती. लोक म्हणायचे, काय गोड गळा.

बाबांचं एक स्वतःचं गाणं होतं, शब्द आणि चाल दोन्ही त्यांचीच. तानसाच्या पाण्याचं. पाणी उशाला असून आमच्या बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात आणि पाणी नळातून मुंबईला जातं, अशा अर्थाचं. बाबा ते गायचे तेव्हा मंडपातल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावायच्या. नवी मुलगी ते गाणं सुरात, ठाकठीक गायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की बाया हंडे घेऊन सहलीला निघाल्यात. मला ते सहन होईना. एका तालमीनंतर सगळे उठून गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "पान्याचं गाणं मी बोलते."

बाबा पेटीचा भाता बंद करत होते.

"तुझा आवाज नाय गो चालायचा."

"का नाय?"

"फाटका हाय. लोक हसतील. माझा आवाज गेला तर लोक हळहळले. तुझ्यावर हसतील. आनी एकदा हसलेला मानूस परत माइकपुढं उभा रात नाय, मी बघितलेत तसे."

"नाय हसले तर?"

"हसतील," बाबा बोलले, आणि पेटीवर कापड घातलं.

मला पार्टीत जागा नको होती. पैसा, नाव, काहीच नको होतं. मला एकाच गोष्टीचा निकाल हवा होता. हा गळा मी ओठ हलवत म्हातारा करायचा, की वापरायचा? बाबांनी निकाल दिला होता. मला तो मान्य नव्हता.

आमच्या वस्तीच्या जयंतीत कार्यक्रम सुरू होण्याआधी हौशी लोकांची गाणी होतात. मिरवणूक आटोपलेली असते, दिवेलागण झालेली नसते, पाहुणे यायचे असतात, तेवढ्यात ज्याला वाटेल त्याने वर जाऊन एखादं गाणं म्हणायचं. साथीला पार्टी असतेच. दोन लहान मुली गाऊन उतरल्या आणि मी वर चढले.

बाबांनी पेटीवरून मान वर केली. "काय गो?"

"पान्याचं."

मंचावर आलेल्याला उतर म्हणायची आमच्यात रीत नाही. त्यांनी सूर दिला, नव्या मुलीच्या पट्टीचा. मी म्हटलं, "खाली घ्या. अजून खाली." काकांनी ढोलकी मांडीवर ओढली.

आता कोरसचं सांगायला हवं. गायन पार्टीत गाणारा ओळ टाकतो आणि कोरस ती उचलतो. उचलली की गाणं चालतं. नाही उचलली तर ओळ मंडपात पडते, आणि पडलेली ओळ शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू येते. कोरसवाले बाबांचे दोस्त. बाबांनी मला नाही म्हटलंय हे त्यांना ठाऊक होतं. मी पहिली ओळ टाकली, हळू, जवळजवळ बोलल्यासारखी. दोघांनी बाबांकडे बघितलं. बाबा पेटीकडे बघत होते. कुणी ओळ उचलली नाही.

मागे पोरं हसली. मी तीच ओळ पुन्हा टाकली. पुन्हा पडली. काकांची ढोलकी तेवढी चालू होती, तीही जरा गोंधळलेली. पुढच्या रांगेत आई बसली होती, तिने खाली बघितलं. तेव्हा मला खरोखर संताप आला. बाबांचा नाही, कोरसवाल्यांचा नाही. आठवीपासून ज्यांनी ज्यांनी मला गप्प उभं केलं त्या सगळ्यांचा एकदम आला, आणि मी तीच ओळ तिसऱ्यांदा टाकली, वरच्या सुरात, कुठे फाटते याची पर्वा न करता. ती फाटली. चांगली मधोमध फाटली, आणि मी ती फाटलेलीच शेवटपर्यंत ओढत नेली.

मागून ओळ उचलली गेली. एकाच आवाजात, कोरसवाल्यांच्या नाही. वरचा सूर नसलेला, मध्येच हवा जाणारा आवाज. मी वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर पुढे गाता आलं नसतं. सगळं आयुष्य ओळ टाकण्यात गेलेला माणूस माझी ओळ उचलत होता, डॉक्टरांनी बजावलेलं असताना. समोरच्या पार्टीचा गाणारा अडखळला तरी त्याची ओळ पडू द्यायची नाही, असा बाबांचा जुना नियम होता. नियम म्हणूनच उचलली असेल, असं मला वाटलं, आणि तेवढंही पुरे होतं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. प्रत्येक ओळीला मागे तो एकटाच होता. पोरांचं हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. दोन म्हाताऱ्या पुढे सरकून बसल्या. काही माणसं उठूनही गेली, ते मी खोटं सांगणार नाही.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. कमिटीतले एक काका, भले गृहस्थ, घाईघाईने मंचावर चढले, माझ्या हातातला माइक त्यांनी हलकेच स्वतःकडे वळवला आणि हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "छान, छान. आता पाहुणे आलेत, तवा आपल्या पार्टीच्या गायिका ताईंचं जरा गोड आवाजात एखादं होऊ द्या."

मी माइक सोडला. गाणं अर्धं होतं.

पेटी थांबली. बाबा उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. त्यांनी कमिटीवाल्या काकांच्या हातातून माइक घेतला, पाहुण्यांकडे बघितलं, मंडपाकडे बघितलं, आणि उरलेल्या आवाजात बोलले, "गोड पायजे त्याने जिलबी खावी."

मग माइक माझ्या हातात दिला, परत पेटीपाशी जाऊन बसले आणि कोरसवाल्या दोस्तांना बोलले, "तोंडं उघडा रे." आणि मला, "पुढचं कडवं घे गो."

मी घेतलं.